रीताचं खाणं

उपाशी माणूस जास्त जोरात पळतो, असं माझ्या नणंदेचं ठाम मत होतं. हे तिला कोणी शिकवलं ते विचारू नका. पंधरा वर्षांची पोरगी, नववी पास होऊन दहावीत गेलेली, पण खाण्याच्या बाबतीत अक्कल म्हणाल तर आमच्या शेळीला तिच्याहून जास्त. शेळी निदान दिसेल ते खाते. रीता सकाळी उठून कोरा चहा प्यायची, तांड्यावरून गोरेगावच्या रस्त्यापर्यंत पळत जायची, तशीच पळत परत यायची, आणि मग पोटावर हात फिरवून मला दाखवायची.

"बघ भाभी, एकदम हलकं."

"हलकं न्हाई गं बाई, खपाटीला गेलंय," मी म्हणायचे. ती हसायची आणि दप्तर उचलून शाळेत पळायची. तेसुद्धा पळतच.

आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलतो. आईला याडी म्हणतो, बापाला बापू. माझी सासू रुख्मिणीबाई, तिला मीही याडीच म्हणते. सासरे बाबूसिंग. त्यांच्यासमोर सुनेनं घुंगट वर करायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्यातली जुनी पद्धत. त्यामुळं सासऱ्यांना काही सांगायचं असलं की मी पातेल्याला सांगायची. चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणायची, "पातेल्या, मीठ संपलंय बरं का." सासरे ओसरीवर बसून ऐकायचे आणि संध्याकाळी मीठ घरात यायचं. असा माझा संसार चालला. नवऱ्यापेक्षा पातेल्यानंच माझं जास्त ऐकून घेतलं असेल. नवरा प्रेमदास वाईट नाही, पण त्याला काही सांगितलं की ते आधी तांडाभर होतं.

आता जेवणाचं सांगते, कारण गोष्ट जेवणाचीच आहे. आमच्याकडं आधी पुरुष जेवायचे, मग माझी दोन लेकरं, मग याडी, आणि शेवटी मी आणि रीता. तोवर टोपलीत भाकरी असायची, पण कोरड्यास म्हणजे पातेल्याच्या तळाला लागलेलं तिखट पाणी. म्हशीचं दूध गोरेगावच्या हॉटेलात जायचं. कोंबड्यांची अंडी बाजारात जायची, नाहीतर पाहुण्याला. यात कोणी दुष्ट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. याडी स्वतः तर रीताहून कमी खायची. पोरीच्या जातीनं शेवटी जेवायचं आणि उरेल ते जेवायचं, हे तिला तिच्या याडीनं शिकवलं होतं. तिनं ते आम्हाला शिकवलं, आणि आम्ही शिकलो.

आषाढात रीता शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. तेव्हा हिंगोली नवा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि शाळेला खेळाचे एक नवे सर मिळाले होते, रत्नपाल सर. राहणारे हिंगोलीचे. शिट्टी वाजवून पोरांना रांगेत उभं करणारे सर सगळ्याच शाळांत असतात. हे पोरांच्या पायांकडं बघत बसायचे. रीताचे पाय त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरले होते. ती पडली तेव्हा त्यांनी तिला गोरेगावातल्या नर्सबाईकडं नेलं. बाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासलं आणि विचारलं, "हिला घरी जेवायला देतात का नाही?" रक्त फार कमी होतं. दोन महिने पाळीही आली नव्हती. पोटाला पुरेसं नसलं आणि वर इतकं पळलं की पोरींचं असं होतं, बाई म्हणाल्या. त्यांनी लाल गोळ्यांची पाकिटं दिली.

दुसऱ्या दिवशी सर तांड्यावर आले. बाजेवर बसले, सासरे समोर बसले, मी आत चुलीपाशी कान लावून.

"बाबूसिंगभाऊ, पेरणीच्या आधी तुम्ही बैलाला पेंड घालता का नाही?"

"घालतो की."

"मग पोरीला काहून न्हाई?"

सासरे जरा विचारात पडले. "बैल औत वढतो, सर."

"ही पण वढून राहिली. तुमाला दिसंना इतकंच." सर आवाज न चढवता बोलत होते. "रोज पेलाभर दूध, एक अंडं, मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे. जास्त काही मागत न्हाई मी. भाद्रपदात हिंगोलीला निवड चाचणी हाय. त्यात निवड झाली तर सरकारी क्रीडा वसतिगृहात राहायचं, शाळा तिथंच, खाणंपिणं तिथंच. पुढं पोलिसात लागंल, रेल्वेत लागंल. पण अशा अंगानं ती धा पावलं पळायची न्हाई."

"बराबर हाय, सर, एकदम बराबर," सासरे म्हणाले. त्यांना खरंच पटलं होतं. पोरीसाठी शाळेतला मास्तर एवढा लांब आला, याचं त्यांना अप्रूप वाटलं. मग त्यांनी आत वळून हाक दिली, "चहा टाका रं सरासाठी. पान्याचा नको, निव्वळ दुधाचा टाका."

घरात त्या दिवशी जेवढं दूध होतं तेवढं सगळं मी सरांच्या चहात ओतलं. सर म्हणाले, असा चहा त्यांनी हिंगोलीतसुद्धा प्यायला नाही. रीता दाराआड उभी राहून कपाकडं बघत होती आणि मी घुंगटाच्या आत हसत होते. हसू आलं, पण त्याच वेळी मला कळून चुकलं की हे काही सोपं नाही.

गोळ्यांचं तर दोन दिवसांतच वाटोळं झालं. त्या लाल गोळ्या आमच्या भागात पोटुश्या बायांना मिळतात, हे तांड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. शेजारची नर्मदाबाई आमच्याकडं पीठ मागायला आली, तिनं कोनाड्यातलं पाकीट बघितलं आणि माझ्याकडं बघून गालात हसली. "तुला तिसरं व्हय गं?" मी नाही म्हटलं. मग तिनं रीताकडं बघितलं. एवढंच झालं, पण याडीनं ते बघितलं. पोरीची पाळी चुकलीय हे तिला ठाऊक होतंच. संध्याकाळी तिनं सगळ्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. कोंबड्यांनी त्यातल्या काही टिपल्या. आमच्या कोंबड्यांचं रक्त तेवढं वाढलं असेल.

मी याडीशी भांडले. "नर्सबाईनं सांगितलंय, अंगात रक्त न्हाई म्हणून."

"रक्त बिगर गोळीचं बी येतंय. पन नाव गेलं तर येतंय का?" याडी म्हणाली. 

त्याच आठवड्यात कळमनुरीकडच्या तांड्यातले मोहनसिंग येऊन गेले. त्यांचा पोरगा ऊसतोडीला जायचा. तोडीला कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा लागतो, एकट्या गड्याला टोळीत कोणी घेत नाही. म्हणून दिवाळीनंतर कारखाने सुरू व्हायच्या आत पोराचं लग्न उरकायचं होतं. त्यांना रीता पसंत होती. काटक आहे म्हणाले. सासऱ्यांनी त्यांना एकच सांगितलं, "पोरीची हिंगोलीला परीक्षा हाय. तिथं घेतलं तर आमी थांबतो. न्हाई घेतलं तर तुमचीच." हे सासऱ्यांचं मोठेपण म्हणायचं. तांड्यात दुसऱ्या कोणी एवढंही केलं नसतं.

म्हणजे एका बाजूला वसतिगृह आणि दुसऱ्या बाजूला कोयता, आणि मधे रीताचं पोट. त्या दिवसापासून मी ते पोट हातात घेतलं.

कसं केलं ते सांगते. बाजारच्या दिवशी गोरेगावला गेले की मी शाळेच्या कुंपणापाशी सरांना गाठायची. ते सांगायचे, मी ऐकायची. घरी येऊन पातेल्याला म्हणायची, "पातेल्या, तांबडी कोंबडी खुडूक झाली बरं का, आता अंडं देत न्हाई." कोंबडी चांगली रोज अंडं देत होती. ते मी भाताच्या आधणात सोडायची आणि रीताच्या हातात गरमच द्यायची. मटकी फडक्यात बांधून कणगीच्या मागं टांगायची. शेंगदाणे आणि गूळ दप्तरात. हॉटेलात जाणाऱ्या दुधातून रोज पेलाभर काढायची आणि तेवढं पाणी घालायची. हॉटेलवाला स्वतः त्यात पाणी घालायचाच, माझं त्याला काय कळणार?

पण खरी डोकेदुखी याडी नव्हती, सासरे नव्हते. ती रीता होती. अंडं हातात घेऊन बसायची आणि तोंड वाकडं करायची.

"भाभी, अंग जड होतंय. वजन वाढलं तर मी पळू कशी?"

"नुसत्या हाडावर पळतीस का तू? पायाला मांस नको?"

"त्या सेनगावच्या पोरी बघ कशा बारीक हायत."

"त्या बारीक हायत, तू वाळली हायस. यातला फरक कळंना तर दहावी कशाला करून राहिली?"

चिडून खायची. अर्धं मांजराला द्यायची आणि सगळं खाल्लं म्हणून सांगायची. मी मांजराला हाकललं. सरांनी तिला ओरडण्यापेक्षा वेगळी युक्ती केली. एक दिवस कोऱ्या चहावर पळायला लावलं आणि घड्याळ लावलं. एक दिवस दोन भाकरी खाऊन लगेच पळायला लावलं, तर अर्ध्यातच कुशीत कळ आली आणि ती पोट धरून खाली बसली. आणि एक दिवस पळायच्या दोन-अडीच तास आधी एक केळं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे, एवढंच. तिन्ही दिवसांचं घड्याळ तिला दाखवलं. रीताला दुसरं काही कळत नसलं तरी घड्याळ कळायचं. त्या दिवशी ती घरी आली आणि मी न सांगता मटकीचं फडकं सोडून बसली.

"भाभी, रिकाम्या पोटी बी न्हाई आन् भरल्या पोटी बी न्हाई. मधलं," ती मला शिकवत होती. मला!

श्रावणात तिची पाळी आली. गालावर जरा तेज आलं. रात्री पायात गोळे यायचे ते बंद झाले. आता ती भूक लागली की भूक लागली म्हणायची. आधी हा शब्दच तिच्या तोंडात नव्हता. मला इतका आनंद झाला होता की मी पातेल्याशीसुद्धा गोड बोलायला लागले.

मग सेनगावला तालुक्याच्या स्पर्धा झाल्या आणि रीता पंधराशे मीटरमध्ये पहिली आली. दुसरी आलेली पोरगी इतकी मागं होती की प्रेमदासला आधी वाटलं, ती पुढच्या शर्यतीतली आहे. त्यानं ही बातमी जीपच्या टपावरून ओरडत तांड्यावर आणली. तांड्याचे नायक किसनसिंग स्वतः आमच्या अंगणात आले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तांड्याचं नाव केलंस." नर्मदाबाईनं तिची दृष्ट काढली. तीच नर्मदाबाई. सगळ्यांनाच एकदम रीता आपली वाटायला लागली. कोणी भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणून द्यायचं, कोणी काकडी. याडीनं एकदा तिला ताज्या लोण्याचा गोळा दिला आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी सर हिंगोलीला आपल्या घरी गेले. जाताना त्यांनी मला आणि रीताला बजावलं. सकाळी नऊला शर्यत. साडेसहाला निघायच्या आधी एक केळं, थोडा गूळ, दाणे. वाटेत पाण्याचे घोट. बाकी काही नाही. मी हे याडीला तीन वेळा सांगितलं. याडी म्हणाली, "बरं. एक केळं." मी केळी आणून ठेवली होती.

पहाटे मी रीताची वेणी घालत होते, तेव्हा बाहेर लोकांची कुजबुज ऐकू आली. दार उघडलं तर अख्खा तांडा समोरच्या छोट्या देवळीपुढं जमलेला. देवी जगदंबा आणि सेवालाल महाराजांच्या नावाचा पांढरा झेंडा नवा लावलेला. प्रत्येक घरची बाई हातात ताट घेऊन उभी, ताटात चुरमा. गव्हाच्या जाड पोळ्या कुस्करून त्यात गूळ आणि तूप.

आमच्या तांड्यात एक पद्धत आहे. पूर्वी आमचे लोक बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे, तेव्हापासूनची आहे म्हणतात. कोणी मोठ्या कामाला निघालं की नायक अरदास, म्हणजे देवीपुढं प्रार्थना, करतात आणि निघणाऱ्याला प्रत्येक घरचा एक घास भरवतात. गेलेला परत येईल का नाही याचा भरवसा नसायचा, म्हणून सगळ्या घरांची चव बरोबर न्यायची. ज्या घरचा घास नाकारला, त्या घराशी नातं तुटलं. आजवर हा मान गड्यांनाच मिळाला होता. कोणी फौजेत निघालं तर, कोणी पहिल्यांदा मुकादम झालं तर. पोरीला कधीच नाही. किसनसिंगांनी ठरवलं होतं, रीताला द्यायचा. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण अशा गोष्टी सांगून करत नाहीत.

खोटं कशाला बोलू, आधी माझा ऊर भरून आला. मग मी ताटं बघितली आणि मोजायला लागले. तांड्यात चाळीसएक घरं.

अरदास झाली. सगळ्यात आधी याडी पुढं आली. तिच्या ताटात सगळ्यात जास्त तूप होतं. एवढं तूप तिनं कधी साठवलं, कुठं लपवलं, मला पत्ता नाही. तिनं चुरम्याचा मोठा घास केला. रीतानं माझ्याकडं बघितलं.

देवळीपुढं पातेलं नव्हतं. मी घुंगटातूनच, पण सरळ नायकांना उद्देशून मोठ्यानं बोलले. "नायकबापू, तिला आत्ता भरवू नका. नऊ वाजता पळायचंय. पोट भरलं तर तिला पळता यायचं न्हाई. परसाद बांधून द्या, पळून झालं की तिथंच खाईल."

 सुनेनं अरदाशीत बोलायचं, तेही नायकांना, असं कोणी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांनी मान खाली घातली. किसनसिंग मात्र रागावले नाहीत. ते हसून म्हणाले, "बाबूसिंग, सून लई शिकलेली हाय तुझी."

आणि नर्मदाबाई म्हणाली, "दोन महिने पोरीला खाऊ घाला, पोरीला खाऊ घाला म्हणून बोंबलत व्हती. आता खाऊ घालून राहिलो तर नको म्हणती!"

लोक हसले. प्रेम होतं त्या हसण्यात. मी पुन्हा तोंड उघडलं तर याडी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "देवीपुढं काहून अपशकुन करून राहिलीस? एकेक घासानं काय होतंय?" एका घासानं काहीच होत नाही. हे चाळीस होते.

रीतानं तोंड उघडलं. एकेक बाई पुढं आली. कोणी लहान घास दिला, पण बहुतेकांनी मोठाच दिला. लहान घास देणारी बाई कंजूष दिसते. मधे तिला कोणी दूध पाजलं, घास उतरावा म्हणून. ज्या दुधासाठी दोन महिने पाणी घालून घालून मी एकेक पेला चोरला, ते आज असं मिळत होतं, मी मनात म्हटलं. रीताचे डोळे पाण्यानं भरले होते. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. केळी तशीच कोनाड्यात राहिली.

गोरेगाव ते हिंगोली जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. प्रेमदास, मी, रीता आणि बाजाराची माणसं. रस्त्याला खड्डे किती, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. रीता खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी विचारलं, "ओकून टाकतीस का? जीप थांबवायला लावू?" ती म्हणाली, "परसाद हाय, भाभी." आणि ओठ घट्ट मिटून बसली.

मैदानावर सर वाट बघत होते. त्यांनी रीताच्या तोंडाकडं बघितलं आणि मला विचारलं, "काय खाल्लं हिनं?" मी सांगितलं.  सर तडक टेबलापाशी जाऊन चाचणी घेणाऱ्या साहेबांना विनवायला लागले, पोरीची शर्यत दुपारी घ्या म्हणून. साहेबांनी हात हलवला. एका पोरीसाठी वेळ कशी बदलणार? तेही बरोबरच होतं.

पंधराशे मीटर म्हणजे त्या मैदानाचे पावणेचार फेरे. पहिल्या फेरीत रीता दुसरी होती आणि मला वेड्यासारखं वाटून गेलं की होईल, ही पोरगी चुरमासुद्धा पचवेल. दुसऱ्या फेरीत तिचा हात कुशीवर गेला. तिसऱ्या फेरीत वळणावर ती थांबली, गुडघ्यावर हात टेकले आणि ओकली. चुरमा, दूध, सगळं. तोंड पुसून पुन्हा पळायला लागली. पुन्हा थांबली. तिच्यापुढं एकेक करत सगळ्या निघून गेल्या. ती शेवटून दुसरी आली. शेवटची पोरगी पाय मुरगळून लंगडत आली होती.

रत्नपाल सर तिथंच मातीत बसले. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, सोळाच्या आतल्यांनाच घेत होते. मी सरांना विचारलं, दुसरं काही करता येईल का. ते म्हणाले, "ताई, आता काय करता येईल?" मला त्यांचाही राग आला. पण ते खरं सांगत होते. मला उगीच आशा लावून द्यायची नव्हती त्यांना.

प्रेमदासच्या पोटात काही राहत नाही. आम्ही घरी पोचलो आणि तासाभरात तांड्याला कळलं की पोरगी हरली. ते कोणी मनावर घेतलं नाही, हरण्याचं काय एवढं? पण तिनं देवीचा प्रसाद मैदानावर ओकला, हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले. चाळीस घरांचा घास मातीत गेला. जाणती माणसं म्हणाली, देवीच्या मनात नाही, पोरीनं पळू नये. मी सगळ्यांना सांगत सुटले की हे देवीचं नाही, पोटाचं आहे, कोणीही भरल्या पोटी पळालं तर असंच होतं. किसनसिंगांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आमी चांगल्या मनानं दिलतं." खरंच चांगल्या मनानं दिलं होतं. राग धरायला मला एक तरी नालायक माणूस पाहिजे होता. चाळीस घरांत मला तो सापडला नाही.

रीता त्यानंतर पळाली नाही. सकाळी उठून पाणी भरायची. सर एकदा येऊन सासऱ्यांशी बोलले, पोरीचं वय लग्नाचं नाही, कायदा आहे म्हणाले. सासऱ्यांनी या वेळी चहा दिला, पण "बराबर हाय" म्हटलं नाही. दसऱ्याला मोहनसिंग सुपारी फोडून गेले. मी महिनाभर रोज पातेल्याला सांगितलं की पोरगी लहान आहे. ओसरीवर कोणी ऐकत नव्हतं, किंवा ऐकून गप्प होतं.

हळदीच्या आदल्या दिवशी मी तिच्या डोक्याला तेल लावत बसले होते. घरात आम्ही दोघीच. इतके दिवस दाबून धरलेला राग माझ्या तोंडातून बाहेर पडला.

"तुला समदं ठाऊक होतं. रिकामं न्हाई, भरलेलं न्हाई, मधलं, तूच मला शिकवत व्हतीस. मंग काहून खाल्लंस? दातखीळ बसली म्हणायचं. चक्कर आली म्हणून खाली बसायचं. मी तर तिथं समद्यांसमोर बोलले, तू एक शब्द बोलली न्हाईस."

 ती म्हणाली, "याडीनं भरवलं ना, भाभी."

"मंग?"

"तिनं आजवर मला हातानं कधी भरवलं न्हवतं. कुनीच न्हाई." तिनं मान वळवली नाही, पुढंच बघत होती. "तोंडात पयला घास घेतला, तवाच मला कळलं, आज पळनं होत न्हाई. पन दुसऱ्या घासाला बी मीच तोंड उघडलं."

 तिचा राग आला होता तो गेला, पण त्यानं बरं काही वाटलं नाही. तुळशीची लग्नं झाली तसं तिचं लग्न लागलं आणि त्याच आठवड्यात टोळीचा ट्रक तिला न्यायला आमच्या तांड्यावर आला. वर भांडी, गोधड्या आणि त्यांवर बायका बसल्या होत्या, त्यांत रीता. याडी हातात चुरम्याचा घास घेऊन ट्रकपाशी उभी होती, पण गाडीला उशीर झाला होता, ती थांबली नाही.